माणसं थांबली तेव्हा पाणी काय करत होतं?

जागतिक महासाथीच्या काळात समुद्र, खाड्या, सरोवरं आणि नद्यांचं काय झालं, हा या वेळच्या सदराचा विषय. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता : माणसं घरात बसली आणि निसर्गानं मोकळा श्वास घेतला. तो सूर मी जरा बिघडवणार आहे. माझी सगळी नोकरी पाण्याखालचे आवाज ऐकण्यात गेली, त्यामुळे आवाजाच्या प्रश्नावर मी जास्त रेंगाळेन. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढच्या प्रश्नाकडे जावं.

प्रश्न : मार्च २०२० मध्ये व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन शिरल्याचा व्हिडिओ मी पाहिला होता आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवलाही होता. नंतर कळलं की तो खोटा होता. निदान पाणी स्वच्छ झालं होतं हे तरी खरं ना?

उत्तर : डॉल्फिन खरे होते, गाव खोटं होतं. ते चित्रण सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी बंदरातलं, म्हणजे व्हेनिसपासून शेकडो किलोमीटर लांबचं. त्याच दिवसांत फिरलेले राजहंस बुरानो बेटापाशी टिपलेले होते आणि ते तिथे एरवीही असतात.

पाणी नितळ झालं होतं, हे मात्र खरं. ते स्वच्छ झालं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे. व्हेनिसभोवतीचं खारकच्छ (समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं) उथळ आहे. मोटरबोटींचे पंखे दिवसभर तळाचा गाळ उसवत राहतात. बोटी थांबल्या आणि गाळ खाली बसला. ढवळलेला पेला टेबलावर ठेवून दिला की जे होतं तेच इथे झालं. व्हेनिसच्या महापौर कार्यालयानंही तेव्हाच सांगितलं होतं की वर्दळ कमी झाल्यामुळे गाळ तळाशी राहिला आहे. युरोपीय अंतराळ संस्थेनं सेंटिनेल-२ उपग्रहाची एप्रिल २०१९ आणि एप्रिल २०२० ची चित्रं शेजारी-शेजारी ठेवली. पहिल्या चित्रात पाण्यावर बोटींच्या पांढऱ्या रेघाच रेघा आहेत, दुसऱ्यात त्या जवळपास नाहीत.

असाच अभ्यास केरळातल्या वेंबनाड सरोवरावर झाला. लँडसॅट-८ उपग्रहाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा टाळेबंदीत पाण्यात तरंगणाऱ्या कणांचं प्रमाण सरासरी १५.९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. चांगलीच घट आहे ही. पण उपग्रहाला दिसतो तो कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ. विरघळलेलं नायट्रेट, सांडपाण्यातले जिवाणू, जड धातू यांपैकी काहीच अशा चित्रात उमटत नाही. नितळ पाण्यात हे सगळं सुखानं नांदू शकतं. नितळपणाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. तळाशी प्रकाश जास्त पोचला की समुद्री गवताला आणि शेवाळाला त्याचा लगेच उपयोग होतो. फक्त तेवढ्यावरून पाण्याला प्रमाणपत्र देऊ नका.

प्रश्न : मॅडम, त्या काळात समुद्राखाली शांतता पसरली होती असं वाचलं. माशांना तिचा खरंच काही उपयोग झाला का, की ही शास्त्रज्ञांची कविता?

उत्तर : कविता नाही, मोजमाप आहे, आणि मोजमाप करणारी यंत्रं आधीपासून पाण्यात होती हे आपलं नशीब.

पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही. स्वच्छ समुद्रातही दोनशे मीटरच्या खाली उजेड जवळपास संपतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगानं धावतो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. म्हणून समुद्रातले कितीतरी जीव कानांवर जगतात : जोडीदार शोधणं, पिल्लाला हाक मारणं, शिकार हेरणं, धोका ओळखणं. आणि आपण त्याच पाण्यात जहाजं सोडली आहेत. जहाजाचा पंखा वेगानं फिरतो तेव्हा त्याच्या पात्यांवर बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. हेडफोन लावून तो आवाज ऐकलात तर आधी गुरगुर वाटते, आणि जहाज जवळ आलं की कानात खडी ओतल्यासारखं होतं. मोठ्या जहाजांचा आवाज मुख्यतः काही शे हर्ट्झच्या खालचा असतो. मोठे देवमासे नेमके त्याच पट्ट्यात बोलतात.

आता न्यूझीलंड. तिथे २६ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून कडक टाळेबंदी लागली. ऑकलंडला लागून असलेलं हौराकी आखात हा त्या देशातला सगळ्यात गजबजलेला किनारी जलमार्ग. हौसेच्या बोटी एका रात्रीत बंद झाल्या. वर्दळीच्या खाड्यांतला पार्श्वभूमीचा आवाज पहिल्या १२ तासांत जवळपास तीन पटींनी खाली आला. संशोधकांच्या हिशोबानुसार मासे आणि डॉल्फिन यांचा आवाज एकमेकांना ऐकू येण्याचं अंतर ६५ टक्क्यांपर्यंत वाढलं. हे व्हायला आठवडे, महिने लागले नाहीत. बोट बंद, आवाज बंद. प्लास्टिक मागे उरतं, तेल मागे उरतं, आवाज उरत नाही. प्रदूषणाच्या इतक्या प्रकारांमध्ये इतका आज्ञाधारक प्रकार मला दुसरा माहीत नाही.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट बातम्यांमध्ये फारशी आली नाही. शहराजवळच्या जागी बोटींची वर्दळ १० टक्क्यांनी घटली की डॉल्फिनच्या हाकेचा पल्ला सुमारे ५० मीटर वाढत होता. शहरापासून दूर, खोल पाण्यात, तेवढ्याच घटीनं तो सुमारे ५१० मीटर वाढत होता. मला यातून असं दिसतं की ज्या जागा आधीच शांत आहेत, तिथे एकेक बोट जास्त महाग पडते. आपण मात्र नेहमी गोंगाटाच्या जागा शांत करायच्या गोष्टी करतो, शांत जागा शांत ठेवायच्या नाही.

कॅनडात व्हँकुव्हरजवळ समुद्रतळावर बसवलेल्या यंत्रांनी इतकी मोठी उडी नोंदवली नाही. तिथे १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आधीच्या वर्षाच्या तुलनेत सरासरी दीड डेसिबेलनं उतरला. वाचायला किरकोळ वाटेल, पण डेसिबेलचं मोजमाप लघुगणकी असतं. ३ डेसिबेल उतरले की ध्वनीची शक्ती निम्मी होते. त्या हिशोबानं दीड म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास घट.

हा फरक का पडला? हौराकीत हौसेच्या बोटी होत्या आणि त्या पूर्ण थांबल्या. व्हँकुव्हरला मालवाहू जहाजं येतात, ती कमी झाली पण थांबली नाहीत. 'जग थांबलं' ही आपली समजूत किनाऱ्यावरून झालेली आहे. जहाजांच्या स्वयंचलित ओळख-यंत्रणेच्या नोंदींवरून २०२० च्या पहिल्या सहामाहीचा जागतिक नकाशा काढला गेला, तेव्हा देशांच्या सागरी आर्थिक क्षेत्रांपैकी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या त्यांच्या हक्काच्या पाण्यापैकी, ७०.२ टक्के क्षेत्रांत वाहतूक घटलेली दिसली. उरलेल्या जवळजवळ तीस टक्क्यांत ती घटली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेनुसार त्या अख्ख्या वर्षात सागरी व्यापार फक्त ३.८ टक्क्यांनी कमी झाला. थांबली ती मुख्यतः प्रवासी जहाजं. तुमच्या घरी पोचणारी खोकी समुद्रावरूनच येत होती. ती आणणाऱ्या खलाशांपैकी सुमारे चार लाख माणसं २०२० च्या अखेरीस करार संपूनही जहाजांवरच अडकून पडली होती, हेही या निमित्तानं सांगून टाकते.

आणि शांततेचा उपयोग होतो का, याचा सगळ्यात थेट पुरावा या महासाथीतला नाहीच, तो २००१ चा आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातली जहाजवाहतूक एकदम मंदावली. पाण्याखालचा आवाज ६ डेसिबेलनं उतरला. योगायोगानं तिथे त्याच वेळी राइट व्हेल या देवमाशांवर काम चाललं होतं. संशोधक त्यांची तरंगती विष्ठा गोळा करत होते. हो, विष्ठा. जिवंत देवमाशाचं रक्त कोण काढणार? त्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष त्या शांत दिवसांत कमी भरले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचले असतील. कारण जहाजं ऐकणारे बरेच होते, पण आवाज देवमाशाच्या अंगात कुठवर पोचतो हे दाखवणारं असं काही हातात नव्हतं.

जगभरची जहाजं काही दिवस थांबवून समुद्र ऐकावा, अशी कल्पना काही शास्त्रज्ञ त्याआधी जवळपास दशकभर मांडत होते. 'इंटरनॅशनल क्वाएट ओशन एक्स्पेरिमेंट' असं त्या प्रकल्पाचं नाव. जहाजं कोण थांबवणार, म्हणून ती कल्पना कागदावर राहिली होती. महासाथीनं विचारलं नाही, थांबवलीच. जगभरातल्या दोनशेहून अधिक बिगर-लष्करी हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) नोंदी एकत्र आणायचं काम मग त्या मंडळींनी हाती घेतलं. अशा प्रयोगाबद्दल आनंद व्यक्त करणं मला जड जातं, त्याची किंमत माणसांनी मोजली. पण नोंदी वाया घालवणं त्याहून वाईट.

प्रश्न : टाळेबंदीमुळे किनारे रिकामे झाले आणि कासवं विक्रमी संख्येनं अंडी घालायला आली. हा निसर्गाचा चमत्कार नाही का?

उत्तर : तारखा बघा. थायलंडमध्ये लेदरबॅक कासवांची ११ घरटी सापडली, वीस वर्षांतली सगळ्यात जास्त, ही बातमी एप्रिल २०२० ची. पण ती मोजणी नोव्हेंबर २०१९ पासूनची होती. तेव्हा या आजाराचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. ओडिशातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवांचं सामूहिक अंडी घालणं सुरू झालं २२ मार्चला, आणि भारतातली देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चची. कासवांनी घोषणेची वाट पाहिली नाही. शिवाय ती दर वर्षी सारख्या संख्येनं येतच नाहीत. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, ऋषिकुल्याला सामूहिक अंडी घालणं झालंच नव्हतं. मग २०२० चा आकडा 'शून्याच्या तुलनेत प्रचंड' असा दिसणारच.

थोडं जीवशास्त्रही बघू. समुद्री कासवाची मादी वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, काही जातींत दोन-तीन दशकं. एकदा अंडी घालून गेली की पुढची पाळी बहुधा दोन-तीन वर्षांनी. आज किनाऱ्यावर आलेल्या माद्या माणसांनी पाचपंचवीस वर्षांपूर्वी काय केलं किंवा केलं नाही त्याचं फळ आहेत. दोन महिन्यांच्या शांततेनं माद्यांची संख्या वाढत नाही.

वागणं मात्र बदलू शकतं, आणि तेच बदललेलं सापडलं. ग्रीसच्या झाकिन्थॉस बेटाजवळ लॉगरहेड कासवं दर उन्हाळ्यात जमतात. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी जास्त उबदार असतं, आणि पोटातली अंडी वाढायला मादीला ऊब लागते. एरवी पोहणारे आणि बोटी यांच्या गर्दीमुळे कासवं त्या पट्ट्यातून बाहेर ढकलली जातात. २०२० मध्ये पर्यटक उशिरा आणि कमी आले, आणि कासवं किनाऱ्याजवळच राहिलेली नोंदली गेली. या नोंदीचा व्हिडिओ कुणी फिरवला नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नाही. थोडी उथळ पाण्यात पडून राहिलेली कासवं.

प्रश्न : म्हणजे शेवटी माणूस हटला की प्राण्यांचं भलंच होतं, बरोबर?

उत्तर : बाल्टिक समुद्रात स्तोरा कार्लसो नावाचं स्वीडनचं बेट आहे. तिथल्या कड्यांवर गिलेमॉट या समुद्री पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. ती बघायला दर उन्हाळ्यात पर्यटक येतात. २०२० मध्ये ते जवळपास आलेच नाहीत. मग पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड आले. बेटावर त्यांचा वावर सुमारे सात पटींनी वाढला. गरुडानं झेप घेतली की गिलेमॉट घाबरून कडा सोडून उडतात, त्या गोंधळात अंडी गडगडतात, आणि जी उरतात ती इतर पक्षी पळवतात. त्या वर्षी गिलेमॉटचं प्रजनन नेहमीपेक्षा २६ टक्क्यांनी कमी भरलं. गरुडांना माणसांची भीती वाटते. वर्षानुवर्षं ही पर्यटक मंडळी नकळत राखणदारी करत होती.

हवाईचं उदाहरण वेगळं. मोलोकिनी हे अर्धं बुडालेलं ज्वालामुखीचं तोंड, संरक्षित आणि बुड्या मारणाऱ्यांचं लाडकं. पर्यटकांच्या बोटी बंद झाल्या तशी तिथे ब्लूफिन ट्रेव्हलीसारख्या शिकारी माशांची उपस्थिती वाढली. बोटी परतल्या तशी ती पुन्हा घटली. मग 'माणूस हटला की' या प्रश्नाला एक उत्तर कसं द्यायचं? गरुडालाही प्राणीच म्हणायचं ना. त्याचं भलं झालंच की.

प्रश्न : 'एका वर्षात दीड अब्ज मास्क समुद्रात' असं सगळीकडे छापून आलं होतं. हे मोजले कुणी?

उत्तर : कुणीच मोजले नाहीत. गुणाकार झाला. 'ओशन्सएशिया' या संस्थेचा डिसेंबर २०२० चा अहवाल काढून पाहा. २०२० मध्ये जगात ५२ अब्ज मास्क तयार झाले असावेत, हा एक अंदाज. त्यातले ३ टक्के नीट गोळा न होता समुद्रात जातील, हा दुसरा. ५२ अब्जाचे ३ टक्के म्हणजे १.५६ अब्ज. एका मास्कचं वजन ३ ते ४ ग्रॅम धरलं की ४,६८० ते ६,२४० टन. गणित बरोबर आहे, अहवालात गृहीतकंही उघड लिहिली आहेत. ती बातमीच्या मथळ्यात बसत नाहीत म्हणून गाळली गेली. ३ टक्क्यांच्या जागी १ किंवा ५ घाला, आकडा लगेच बदलेल.

मास्क समुद्रात गेलेच नाहीत असा याचा अर्थ मुळीच नाही. याच संस्थेला हाँगकाँगच्या सोको बेटांवर फेब्रुवारी २०२० मध्येच १०० मीटरच्या पट्ट्यात ७० मास्क सापडले होते, ते मोजलेले आहेत. ब्राझीलच्या किनाऱ्यावर सप्टेंबर २०२० मध्ये मेलेल्या एका मॅगेलॅनिक पेंग्विनच्या पोटात एन-९५ मास्क निघाला. नेदरलँड्सच्या लायडन शहरात कालवा साफ करणाऱ्या स्वयंसेवकांना रबरी हातमोज्याच्या बोटात अडकून मेलेला पर्च मासा मिळाला. मास्क मुख्यतः पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ते पाण्याहून हलकं, म्हणून तो आधी तरंगतो. मग उन्हानं आणि लाटांनी त्याचे तंतू सुटत जातात, आणि तिथून पुढे तो उचलता येत नाही.

पण माझी तक्रार वेगळी आहे. २०२१ मध्ये १९३ देशांचा हिशोब मांडणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. महासाथीमुळे ऑगस्ट २०२१ पर्यंत ८० लाख टनांहून जास्त जादा प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातला सुमारे २६ हजार टन समुद्रात पोचला, असा त्याचा अंदाज. हेही प्रारूपावर बेतलेलंच आहे. मात्र त्यातलं एक निरीक्षण लक्षात ठेवा : बहुतांश भार रुग्णालयांच्या कचऱ्याचा होता. तुमच्या-माझ्या तोंडावरचे मास्क आणि ऑनलाइन खरेदीची वेष्टनं हा त्यापुढे लहान वाटा. तरी दोष मास्क रस्त्यात टाकणाऱ्या माणसावर गेला, कारण तो दिसतो. रुग्णालयातून निघालेल्या पिशवीचं पुढे काय होतं ते दिसत नाही. शिवाय तो २६ हजार टनांचा आकडा नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या एकूण प्लास्टिकच्या दीड टक्क्याच्या घरात आहे. उरलेलं प्लास्टिक महासाथीच्या आधीही जात होतं, आजही जातं.

प्रश्न : मी आठवीत आहे. करोनाचा विषाणू समुद्राच्या पाण्यातून पसरू शकतो का?

उत्तर : पाण्यातून तो आजार पसरल्याचा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळाला नव्हता. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि पाण्यात ते लवकर बिघडतं. पण तुझ्या प्रश्नाजवळच एक गमतीची गोष्ट आहे. आजारी माणसाच्या विष्ठेतून विषाणूच्या आरएनएचे (त्याच्या जनुकीय साहित्याचे) तुकडे बाहेर पडतात आणि सांडपाण्यात जातात. ते तुकडे बहुधा आजार देत नाहीत, पण खबर देतात. नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्ट शहराच्या सांडपाण्यात ते मार्च २०२० च्या सुरुवातीला सापडले, तेव्हा त्या शहरात एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. ज्या शहरांचं सांडपाणी शुद्ध न करता नदीत जातं, तिथे ते नदीतही सापडले. इक्वाडोरची राजधानी किटो इथे तसं झालं. आता तुझ्या शिक्षकांना विचार : सांडपाणी तपासून आणखी कोणकोणते आजार ओळखता येतील?

प्रश्न : कारखाने बंद होताच नद्या आपोआप शुद्ध झाल्या. मग इतकी वर्षं शुद्धीकरणावर खर्च कशाला केला?

उत्तर : काही नद्यांना फायदा झाला, सगळ्यांना नाही. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये १९ नद्यांची टाळेबंदीपूर्व आणि टाळेबंदीतली स्थिती तपासली. गोदावरी, कृष्णा, कावेरी, तापी, यमुना यांच्यात सुधारणा दिसली. बियास, चंबळ, सतलज, सुवर्णरेखा आणि गंगा यांच्यात पाण्याचा दर्जा खालावलेला निघाला. हो, गंगासुद्धा, जिच्या निळ्या पाण्याचे फोटो त्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी पाहिले. मंडळानं दिलेलं कारण साधं आहे : शुद्ध न केलेलं किंवा अर्धवट शुद्ध केलेलं सांडपाणी येतच राहिलं, आणि ते पातळ करायला वरून ताजं पाणी पुरेसं येत नव्हतं. कारखान्याला टाळे लागतात, संडासाला नाही. घरात कोंडलेली माणसं उलट जास्तच वेळा हात धूत होती. तेव्हा खर्च चालू ठेवा.

प्रश्न : विमानं, गाड्या, कारखाने थांबले, मग समुद्राचं तापमान तरी थोडं उतरलं असेल?

उत्तर : नाही. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी खाली आलं होतं. पुढच्याच महिन्यात, मे २०२० मध्ये, हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेनं हवेतल्या या वायूचं प्रमाण दशलक्षात ४१७ भाग नोंदवलं. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. हवेत भर पडणं जरा मंदावलं, पण आधी साठलेलं कुठे गेलं नाही. आणि जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्र पोटात घेतो. २०२० साली समुद्रानं साठवलेल्या उष्णतेनंही तोपर्यंतचे सगळे विक्रम मोडले.

या सगळ्या काळातली सर्वांत मोठी सागरी घटना कोणती, असं मला विचारलं तर मी डॉल्फिन सांगणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर पाण्याचं तापमान १९०० पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होतं. प्रवाळांना ते सोसत नाही. ते आपल्या अंगातली शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०१६, २०१७ आणि मग २०२० : पाच वर्षांत तिसऱ्यांदा सामूहिक विरंजन झालं. मार्चच्या अखेरीस शास्त्रज्ञ विमानातून त्याचा नकाशा काढत होते, आणि बाकीचं जग व्हेनिसचे राजहंस एकमेकांना पाठवत होतं.

प्रश्न : समुद्रावर लक्ष ठेवणारी माणसंही घरी बसली असतील. त्याचा काही परिणाम?

उत्तर : हा प्रश्न एकाच वाचकानं विचारला, म्हणून त्यांचे विशेष आभार. संशोधन जहाजं मार्च २०२० मध्ये धडाधड बंदरांत बोलावून घेतली गेली. कितीतरी सफरी रद्द झाल्या किंवा पुढे गेल्या, समुद्रात तरंगत मोजमाप करणाऱ्या बोयांची देखभाल रखडली. आर्गो प्रकल्पाचे जवळपास चार हजार स्वयंचलित तरंगते मापक आपापले डुबत आणि वर येत राहिले, म्हणून खोल पाण्याच्या तापमानाची साखळी तुटली नाही.

मासेमारीचं जास्त अवघड. मोठ्या ट्यूना जहाजांवर स्वतंत्र निरीक्षक असतो. किती पकडलं, जाळ्यात शार्क आले का, कासव आलं का, हे तो लिहितो. संसर्गाच्या भीतीनं पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागर मत्स्य आयोगानं एप्रिल २०२० मध्ये घेरजाळ्याच्या (माशांच्या थव्याभोवती जाळं टाकून पकडणाऱ्या) जहाजांवर निरीक्षक हवाच ही अट स्थगित केली, आणि ती सूट वाढवत नेली. निरीक्षकाच्या जिवाचा विचार केला तर निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्या काळातले 'कमी कासवं अडकली' यासारखे आकडे कुणी तुमच्यापुढे ठेवले, तर आधी विचारा की जहाजावर लिहायला कोण होतं.

आणखी एक भेसळ सांगते. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. म्हणजे त्या वर्षी बंदरांवरची हवा सुधारली असेल, तर श्रेय कुणाचं, नियमाचं की विषाणूचं? वेगळं करून दाखवणं सोपं नाही.

प्रश्न : महासाथ न येता समुद्र थोडा शांत ठेवता येईल का? की ते सगळं तेवढ्यापुरतंच?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी जहाजं थांबवायची गरज नाही. हळू चालवायची. वेग कमी केला की पंख्यावरचे बुडबुडे कमी होतात आणि आवाज उतरतो. व्हँकुव्हरच्या बंदर प्राधिकरणानं २०१७ पासून हारो सामुद्रधुनीत किलर व्हेलच्या हंगामात जहाजांना वेग कमी करायची विनंती करायला सुरुवात केली. योजना ऐच्छिक आहे, तरी बहुसंख्य जहाजं ती पाळतात आणि पाण्याखालचा आवाज घटलेला मोजला गेला आहे. एरवी हळू जाणाऱ्या जहाजाला इंधनही कमी लागतं, त्यामुळे कंपन्यांना समजवायला हे तसं सोपं प्रकरण आहे. अडचण वेळापत्रकाची असते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजांच्या पाण्याखालच्या आवाजाबद्दल २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. पंख्याची रचना, जहाजाच्या बाहेरच्या कवचाचे आकार, देखभाल, वेग, सगळं त्यात आहे. वाचण्यासारखा दस्तऐवज आहे. पाळला नाही तर दंड नाही.